हेल्मेट दुकानातून घ्यावे की ऑनलाइन मागवावे?

पहिलेच हेल्मेट असेल तर ते दुकानात जाऊन, डोक्यावर घालून पाहूनच घ्यावे. पूर्वी वापरलेले तेच मॉडेल त्याच मापात पुन्हा हवे असेल, तर ऑनलाइन मागवायला हरकत नाही. कारण असे की, भुवयांच्या किंचित वर टेप धरून मोजलेला घेर दोघांचाही ५८ सेंमी आला, तरी एकाचे डोके लांबट आणि दुसऱ्याचे गोल असू शकते, आणि मापांच्या तक्त्याला हा फरक कळत नाही. दुकानात हेल्मेट घालून (चष्मा असल्यास चष्म्यासह) पट्टा आवळावा, पाच-दहा मिनिटे तसेच थांबावे आणि मग ते हातांनी डावीउजवीकडे फिरवून पाहावे: गालांची कातडी आतल्या गाद्यांबरोबर ओढली गेली, तर माप बरोबर आहे, कपाळावर एकाच जागी टोचत असेल, तर तो आकार तुमचा नव्हे. गाद्या वापराने दबतात, म्हणून नवे हेल्मेट थोडे घट्टच असावे, या मुद्द्यावर विक्रेत्याचे म्हणणे सहसा खरे असते.

मात्र दुकान म्हणजे रस्त्याकडेला मांडलेला ढीग नव्हे. १ जून २०२१ पासून भारतात दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, पण नुसते स्टिकर कोणीही छापतो; त्यावरचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून उत्पादकाचे नाव जुळते का, ते पैसे देण्यापूर्वी तिथेच पाहावे.