स्टुडिओच्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची आहे: आहे तिला ८ जीबी जोडू, १६ जोडू, की ३२ ची नवी किट घेऊ?

भाऊ, तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. सेलूत फोटो स्टुडिओ आहे, मशीन इंटेलच्या आय५-१०४०० प्रोसेसरचं आणि एच४१० बोर्डाचं, ग्राफिक्स कार्ड नाही, रॅमचे स्लॉट दोनच आणि त्यातल्या एकात ८ जीबीची डीडीआर४ २६६६ रॅम (डीडीआर४ ही रॅमची पिढी, २६६६ हा तिचा वेग). अल्बम डिझाइन करताना फोटोशॉप लटकतं. दुकानदार म्हणतो ३६०० ची लायटिंगवाली घ्या, मेहुणे म्हणतात आहे त्यात ८ ची टाकून मोकळे व्हा. मी नांदेडला मशीन जुळवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न लग्नसराईच्या तोंडावर दर वर्षी ऐकतो.

पैसे जमत असतील तर १६-१६ ची, एकाच पाकिटात येणारी, साधी ३२०० ची जोडी, म्हणजेच किट, घ्या. लाइटी नकोत, ३६०० नको.

३६०० का नको? आय५-१०४०० मधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम हाताळणारा भाग, २६६६ पर्यंतचा आहे आणि एच४१० बोर्ड त्याच्यावर जाऊ देत नाही. तुम्ही ३२०० लावा नाहीतर ३६००, चालणार जास्तीत जास्त २६६६ लाच. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढची गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. प्रत्येक रॅमवर एक बारीक चिप असते, तिच्यात त्या रॅमचा मूळ वेग नोंदवलेला असतो आणि मशीन सुरू होताना बोर्ड तो वाचतो. साध्या, १.२ व्होल्टच्या ३२०० रॅममध्ये मूळ नोंदच ३२०० ची असते, म्हणून बोर्ड तिला आपल्या मर्यादेवर, २६६६ ला, आपोआप आणून ठेवतो. गेमिंगवाल्या रॅमची मूळ नोंद मात्र बरेचदा २१३३ किंवा २४०० ची असते. पाकिटावरचा मोठा आकडा एक्सएमपी नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमधला, १.३५ व्होल्टवरचा. त्या प्रोफाइलचा वेग तुमचा बोर्ड देऊच शकत नाही. म्हणजे जास्त पैसे मोजून आणलेली रॅम बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) हाताने वेग वाढवला नाही तर २१३३ वर, तुमच्या जुन्या रॅमपेक्षाही हळू, चालत बसते. आणि लाइटी तेवढ्या छान चमकतात.

‘पुढे नवीन मशीन घ्याल तेव्हा कामाला येईल’ हे दुकानदाराचं म्हणणंही फारसं टिकत नाही. एएमडीचे एएम५ बोर्ड आणि इंटेलचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे डेस्कटॉप बोर्ड फक्त डीडीआर५ घेतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीत डीडीआर४ वाले बोर्ड आहेत, तेवढाच काय तो आधार.

आता मूळ मुद्दा, किती लागते. अल्बमचं १२ बाय ३६ इंची करिझ्मा पान घ्या. ३०० डीपीआयला ते ३६०० बाय १०,८०० पिक्सेल होतं, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. आठ बिट आरजीबीत पूर्ण पानाचा एक लेअर ११७ एमबीच्या आसपास जातो. बॅकग्राउंड, त्यावर टेक्स्चर, नवरा-नवरीचा मोठा फोटो, सावली, फुलं असे पानभर दहा लेअर झाले की एकाच पानाला एक जीबीच्या वर लागतं, आणि हिस्ट्रीचा, म्हणजे मागे जाण्यासाठी साठवलेल्या पायऱ्यांचा, भार वेगळा. तुम्ही चार-पाच पानं उघडी ठेवता, शेजारी क्रोम आणि व्हॉट्सॲप वेब चालू, विंडोजचं स्वतःचं खाणं आहेच. वर ग्राफिक्स कार्ड नसल्याने प्रोसेसरमधलं यूएचडी ६३० हे ग्राफिक्स सुद्धा याच ८ मधून वाटा घेतं. फोटोशॉपने काय करावं?

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. फोटोशॉपमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात स्टेटस पट्टी असते, तिथल्या बाणावर क्लिक करून ‘एफिशिअन्सी’ निवडा. नेहमीसारखं काम करत राहा. आकडा १०० टक्के राहिला तर रॅम पुरते आहे, अडचण दुसरीकडे शोधा. १०० च्या खाली घसरत असेल तर फोटोशॉप रॅम संपल्याने डिस्कवर लिहितंय. विंडोज अजून जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर मात्र रॅमच्या आधी एसएसडी टाका, त्याला पर्याय नाही.

मेहुण्यांचं अगदीच चुकलेलं नाही. ८ ला ८ जोडली की १६ होतात आणि दोन्ही चॅनल, म्हणजे रॅम ते प्रोसेसर अशा दोन्ही वाटा, चालू होतात. एका चॅनलवर २६६६ ची रॅम सेकंदाला साधारण २१.३ जीबी देते, दोन्हीवर मिळून ४२.६. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला हा फरक जाणवतो. नुसते अल्बम असतील तर १६ मध्ये भागेल. पण लग्नाचा फोर-के व्हिडिओही तुम्हीच एडिट करत असाल तर वर्षभरात पुन्हा रॅम मागाल, आणि दोनच स्लॉट असल्याने दोन्ही ८ काढून ठेवाव्या लागतील.

मधला रस्ता ८ ला १६ जोडायचा. ‘वेगळी साइझ चालत नाही’ हे जे सगळे सांगतात ते इंटेलच्या बाबतीत खरं नाही. २४ जीबी होते, त्यातली १६ दोन्ही चॅनलवर आणि उरलेली ८ एकाच चॅनलवर चालते. हात आखडता असेल तर मी हेच सुचवेन, कारण पुढे ८ काढून तिथे आणखी एक १६ टाकता येते. मात्र वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन रॅमचं जमेलच याची हमी नसते. किटमधल्या दोन्ही एकत्र तपासलेल्या असतात, जादा पैसे त्याचेच. सीएल (रॅमला उत्तर द्यायला लागणाऱ्या उशिराचा आकडा) १६ की २२ यात डोकं घालू नका, तुमच्या कामात तो फरक कळणार नाही.

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भलतेच चढले. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी एआयच्या डेटा सेंटरकडे मोर्चा वळवला आणि डीडीआर४ तर त्यांना आता नकोशीच झालीय. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा किरकोळ विक्रीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, वॉरंटी मात्र देत राहू असं सांगितलं. म्हणून ‘भाव उतरले की घेऊ’ यावर सीझन काढू नका. परभणी-नांदेडला नाही मिळाली तर हैदराबादला जाणाऱ्या कोणाला सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून आणायला सांगा, पण पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहूनच.

जुनी घेत असाल तर लेबल वाचा. ‘१आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२’ असं काहीतरी असतं. वेगाच्या आकड्यानंतरच्या डॅशपुढे इंग्रजी ‘यू’ असेल तर डेस्कटॉपची, ‘एस’ असेल तर लॅपटॉपची, ‘आर’ असेल तर सर्व्हरची. सर्व्हरवाली १६ ची रॅम स्वस्तात गळ्यात मारतात. ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसते, पण तुमचं मशीन तिच्यावर सुरू होणार नाही.

बसवणं अवघड नाही. बटण बंद, वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, खाच जुळवा आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत दोन्ही टोकं दाबा. काही बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो, दुसरा तुटला म्हणून घाबरू नका. स्क्रीन आली नाही तर रॅम काढून सोनेरी पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि पुन्हा लावा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही एरर आला तर रॅम परत करा, ‘एकच आहे’ म्हणून ठेवून घेऊ नका. आणि दुकानदाराने एक्स्चेंजमध्ये जुनी ८ मागितली तर देऊ नका. किटमधली एक गेली तरी वॉरंटीला बहुधा दोन्ही पाठवाव्या लागतात, आणि त्या परत येईपर्यंत मशीन त्या ८ वरच चालवायचंय.