औषध आले, मग आम्ही उशीर केला का?

गेली दोन वर्षे ठाण्यात नौपाड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: अल्झायमरवर नवे औषध निघाले आहे म्हणतात, मग ते आमच्या माणसाला का मिळू नये?

पन्नाशीच्या एका बाईंनी तो विचारला, तेव्हा त्यांचे वडील शेजारीच बसले होते. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलला आहे.) आयुष्यभर बँकेत रोखपाल असलेले हे गृहस्थ आता घोडबंदर रोडवरच्या आपल्याच इमारतीत मजला चुकत आणि लेकीला कधी ताई, कधी आई म्हणत.

अर्धवट आशा माणसाला फार छळते, म्हणून मी आधी माहिती दिली. लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, वर्षभराने डोनानेमॅबला. या आजारात मेंदूत साचणारे अमिलॉइड नावाचे प्रथिन ही औषधे कमी करतात. लेकानेमॅबच्या सुमारे १८०० जणांवरील दीड वर्षाच्या चाचणीत स्मृती आणि विचारशक्तीची घसरण औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत २७ टक्क्यांनी मंदावली; गेलेली स्मृती मात्र परत येत नाही. औषध सहसा शिरेतून द्यावे लागते, मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने एमआरआय पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि आजार अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असून तपासणीत अमिलॉइड आढळले, तरच ते देतात.

“म्हणजे ते किल्ल्या विसरू लागले तेव्हाच आणायला हवं होतं. मीच म्हटलं, वय झालंय.”

औषधाची चौकशी करता करता त्या स्वतःवरच खटला चालवत होत्या. आजाराचे नाव काहीही असो, घरच्यांचा अपराधभाव ओळखल्याशिवाय सल्ला कानापलीकडे जात नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. त्या भरपाई म्हणून रोज सकाळी वडिलांची परीक्षा घेत: “बाबा, मी कोण? आज वार कोणता?” उत्तर चुकले की दोघेही दिवसभर गप्प.

तिसऱ्या भेटीत वडिलांनी माझ्या टेबलावरचे कोरे अर्ज उचलले, कडा ठोकून सारख्या केल्या, अंगठा ओला केला आणि सराईतपणे मोजू लागले. “बाबा, ते मॅडमचे आहेत,” म्हणत त्या उठल्या. मी हातानेच थांबवले. “चौतीस,” ते म्हणाले आणि गड्डी लेकीच्या हातात दिली. त्यांनी ती पुन्हा मोजली. खरोखरच चौतीस होते. त्या रडल्या, आणि वडिलांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हापासून प्रश्नोत्तरे बंद झाली. न्यूरोलॉजिस्टना टप्पा कोणता, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना हे औषध चालेल का, हे त्यांनी नीट विचारले; टप्पा पुढचा असल्याने नकार मिळाला. ज्यांच्या घरी हिशेब किंवा रोजचा रस्ता नुकताच चुकू लागला आहे, त्यांनी मात्र ‘वय झालं’ म्हणून थांबू नये. विसरण्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड निघाला, तर त्यावर उपचार आहेत.

पुढच्या भेटीला बाईंनी नोटांच्या मापाचे कोरे कागद कापून, रबर लावून आणले होते.