सहा महिन्यांच्या सेन्सर कोर्सचे पैसे भरू का?

भाऊ नमस्कार,

दारव्ह्याहून लिहिलेलं पत्र मिळालं. पोरगा दहावी झाला, गणितात 48, पण मोटरचा स्टार्टर स्वतः खोलून दुरुस्त करतो, आणि आता एक क्लासवाला सहा महिन्यात सेन्सर एक्स्पर्ट करून देतो म्हणून मोठी फी मागून राहिला, भरू का असं विचारलं तुम्ही. आत्ता नका भरू.

सेन्सरच्या कामाला पुढे मागणी राहणार हे मी पण म्हणतो. तुमच्याच वावरात पहा ना, 5 एचपीची मोटर म्हणजे जवळपास पावणेचार किलोवॅट, ओलिताला रोज दोन तास फालतू चालली की साडेसात युनिट तरी गेले, मातीतली ओल मोजणारा सेन्सर असला तर ते वाचतात. पण आपली काळी माती सुकली की भेगाळते, सेन्सरला माती घट्ट चिकटून नसली, मधे हवा राहिली, की खाली ओल असूनही तो कोरडं दाखवतो आन मोटर चालूच. म्हणजे आकडा खरा का खोटा हे ओळखणारा माणूस पाहिजेच, अन् नोकरी त्यालाच भेटते. कोळशाच्या थर्मल वीज केंद्रात बी हेच, बॉयलरच्या धुरातला ऑक्सिजन मोजतात, जास्त निघाला म्हणजे हवा गरजेपेक्षा जास्त जाऊन राहिली, ती फुकट तापून चिमणीतून निघून जाते, फारच कमी निघाला तर कोळसा अर्धवट जळतो. म्हणून तो सेन्सर, ऑक्सिजन किती हे आधीच माहीत असलेला गॅस सोडून अधूनमधून तपासावा लागतो, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, आन हे हात बसल्याशिवाय येत नाही.

म्हणून पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, इन्स्ट्रुमेंटेशन (म्हणजे मोजमापाच्या यंत्रांचं काम), इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर इलेक्ट्रिकल. पैशाची ओढाताण असली तर आधी आयटीआयचा दोन वर्षांचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड, त्यानंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. पुढे डिग्री आणि अनुभव झाला की ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची एनर्जी ऑडिटरची, म्हणजे वीज-इंधन कुठं वाया जाते हे तपासणाऱ्याची, परीक्षा पण आहे, ते लांबचं आहे, आत्ता डोक्याला ताप नको. गणिताचं मात्र मनावर घ्या, 48 वर डिप्लोमाचं पहिलं वर्ष जड जाते, सुट्टीत रोज एक तास बसवा त्याला.

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, डोमिसाईल तहसीलमधून आताच काढून ठेवा, ऐन फॉर्मच्या वेळी लई गर्दी असते, आणि कॉलेज पाहायला जाल तर पोराला सोबत न्या, लॅब त्याला आतून पाहू द्या.