पानाला धनी नेमा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. 34 जिल्हा परिषदांची संकेतस्थळे एका साच्यात आणायची आहेत, तीन स्मरणपत्रे जाऊनही निम्म्या जिल्ह्यांकडून मजकूर आलेला नाही, आणि आता सारा मजकूर मुख्यालयातच भरून घ्यावा की जिल्ह्यांना त्यांच्या मनाप्रमाणे करू द्यावे, असे तू विचारतेस. मजकूर कोण टंकतो, हे मागाहून ठरव. त्या पानाचा धनी कोण, हे आधी ठरव.

एका खात्याच्या अशाच प्रकल्पात, मुदत पाळण्याच्या ध्यासाने, मी सर्व जिल्ह्यांची पाने मुख्यालयात बसून भरून घेतली होती. उद्घाटन ठरल्या दिवशी झाले. पुढच्या बदल्या झाल्या आणि दूरध्वनींची यादी शिळी झाली; एका योजनेचे निकष बदलणारा शासन निर्णय निघाला, तरी कागदपत्रांची जुनी यादी तशीच राहिली. ती यादी छापून घेऊन एक वयस्क बाई तालुक्याहून एसटीने दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी आल्या आणि दोन्ही वेळा काम न होता परत गेल्या. तिसऱ्या खेपेस मी तिथे दौऱ्यावर होतो. त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला, तेव्हा हे पान कोणत्या टेबलाचे, हे त्या कार्यालयात कोणालाही सांगता आले नाही. ते भरून घेणारा मीच होतो. त्या बाईंच्या तीन खेपांचे भाडे मी आजही विसरलेलो नाही.

जिल्हा परिषदा 1961 च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्था आहेत. तुझ्या कार्यासनाचे पत्र तेथील मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या टेबलावर इतर पन्नास पत्रांखाली जाते, यात त्यांचा दोष नाही. पण कायदा तुझ्या बाजूने आहे, आणि तू त्याचा उल्लेख एकाही स्मरणपत्रात केलेला नाहीस, याचा मला राग आला. माहितीच्या अधिकाराच्या कलम 4 मधल्या 17 बाबी प्रसिद्ध करून दरवर्षी अद्ययावत करणे हे 2005 पासून प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे स्वतःचे कर्तव्य आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर प्रत्येक अधिसूचित सेवेला कालमर्यादा आणि पदनिर्देशित अधिकारी जोडून दिला आहे. सेवेला अधिकारी नेमलेला आहे. मग त्या सेवेच्या पानाला तोच धनी का नसावा?

धनी म्हणजे पद, व्यक्ती नव्हे. अमुक साहेबांचे नाव लिहिशील, तर त्यांच्या बदलीबरोबर पान पोरके होईल. म्हणून कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत, नस्त्या आणि नोंदवह्यांच्या जोडीला, त्या पदाकडे असलेल्या पानांची यादी लावण्याचा आग्रह धर. प्रत्येक पानावर पुढच्या तपासणीची तारीख दिसू दे, आणि ती उलटली की सूचना थेट कार्यालय प्रमुखांकडे जाऊ दे. राज्याच्या योजनेची पात्रता मुख्यालयाने एकदाच लिहावी, कारण ती 34 ठिकाणी उतरवली की तिची 34 रूपे होतात. कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, कोणाला भेटायचे, हे मात्र जिल्ह्यानेच लिहावे. दोन्हींना धनी हवा, वेगवेगळा.

रंग, चिन्हे, मुखपृष्ठावरील सरकती छायाचित्रे यांवरच्या बैठकांत वेळ घालवू नकोस. जुन्या फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आण, आणि स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे मजकूर, हे कोणाकडूनही मान्य करू नकोस. दृष्टिहीन माणसाचे वाचन-सॉफ्टवेअर तिथे मुके होते.

त्या प्रकल्पाच्या दुसऱ्या फेरीत मी धनी नसलेले एकही पान चढवू दिले नाही. संकेतस्थळ रिकामे दिसते, अशी वरिष्ठांची तक्रार होती, आणि मी अडेलतट्टू असल्याचे बैठकीत सर्वांसमोर सांगितले गेले. मी माघार घेतली नाही. चुकीच्या पानाने माणूस फिरतो, नसलेल्या पानाने तो निदान चौकशी करतो, हे मी त्या बाईंकडून शिकलो होतो, आणि आजही माझे मत तेच आहे. तुलाही हे ऐकावे लागेल. मात्र नुसता हट्ट धरून बसू नकोस. चार-सहा जिल्ह्यांत स्वतः जा, आस्थापनेच्या टेबलाशी बसून चहा घे, त्यांची अडचण ऐक. एका जिल्ह्यात मजकूर अडला होता तो केवळ पासवर्ड बदली झालेल्या लिपिकाजवळ राहिल्यामुळे. ते मला तीन पत्रांनी कळले नव्हते, तासाभराच्या भेटीत कळले.

तू पत्रासोबत जोडलेल्या तक्त्यात ‘जबाबदार अधिकारी’ या रकान्यात सर्वत्र ‘संबंधित विभाग’ असे भरले आहे. तो रकाना पदनामासह पुन्हा भर. सगळे जिल्हे एकदम जमणार नाहीत. ज्या जिल्ह्यांनी मजकूर पाठवला आहे, त्यांतल्या पाचांपासून सुरू कर आणि तेवढा तक्ता मला पाठव.

तुझा,
जुना सहकारी