ॲडव्हान्स्ड लिहिलंय म्हणून अवघड असतंच असं नाही

प्रश्न : ताई, माझं वय 43, बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहते. अकरा-बारा वर्षं नियमित व्यायाम करतेय, आधी जिम होती, लॉकडाऊनपासून घरीच यूट्यूब लावून चालू आहे. घरात 5 आणि 7.5 किलोच्या डंबेल्सच्या जोड्या, 12 किलोचं एक केटलबेल (मुठीचा लोखंडी गोळा) आणि रबरी बँड आहे. रविवारी सिंहगड चुकत नाही. अडचण अशी की ॲडव्हान्स्ड लिहिलेला कुठलाही व्हिडिओ लावला तरी पूर्ण होतो, घाम निघतो, दम लागतो, पण वर्षभरात फरक म्हणाल तर काहीच नाही, पुशअप्स होत्या तेवढ्याच आहेत. त्यात उड्यांच्या आवाजावरून खालचे काका दोनदा वर येऊन गेले, आणि डावा गुडघा सोमवार-मंगळवार कुरकुरतो. याच्यापेक्षा कडक व्हिडिओ कुठला लावू? — एक वाचक

उत्तर : कडक व्हिडिओ शोधू नका, हे आधीच सांगून टाकते. व्हिडिओवर ॲडव्हान्स्ड कोण लिहितं, तर ज्याने बनवला तोच, त्याला कुणी शिक्का देत नाही. आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की विश्रांती कमी, उड्या जास्त, आणि स्टेप्स अशा गुंतागुंतीच्या की अर्धं डोकं पाय कुठला पुढे यातच जातं. दम लागतो हो, पण दम लागणं आणि ताकद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या त्या न वाढलेल्या पुशअप्स हेच सांगतायत.

ताबाताचंच घ्या, कारण तुमच्या प्लेलिस्टमध्ये तो असणारच. जपानच्या स्पीड स्केटिंग टीमचा कोच ज्या पद्धतीने पोरांना पळवायचा ती इझुमी ताबाता या संशोधकाने तपासली आणि 1996 मध्ये त्यावर पेपर आला. 20 सेकंद सायकल जीव तोडून मारायची, 10 सेकंद थांबायचं, असं सात-आठ वेळा, बास, म्हणजे वॉर्मअप सोडला तर सगळा खेळ जेमतेम 4 मिनिटांचा. आणि जोर किती, तर शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं त्या पातळीच्या 170 टक्के, आठव्या फेरीपर्यंत पाय चालेनासे व्हायचे. आता कुणी 40 मिनिटांचा ताबाता घालत असेल तर तुम्हीच विचार करा, जे 40 मिनिटं करता येतं ते जीव तोडून केलेलं असेल का? तो चांगला घाम काढणारा व्यायाम आहे, फक्त नाव उसनं आहे.

आता ताकदीचं. 7.5 किलो तुम्ही पाच वर्षं उचलताय, हातांना त्याचं काही वाटत नाही आता. एक दिवस व्हिडिओ पॉज करा आणि तीच हालचाल, सावकाश, अजून फार तर एक-दोनच निघतील अशा वेळेपर्यंत करून बघा. व्हिडिओतली बाई बारावर थांबते आणि तुमच्या अठ्ठावीस निघाल्या, तर तुम्ही रोज अर्ध्यावरच सोडत होतात. वजन हलकं असलं तरी स्नायू वाढतात, साधारण तीसेक रेप्सपर्यंत, म्हणजे तीच हालचाल तीसेक वेळा, चालतं, पण तो सेट, म्हणजे न थांबता केलेली ती एक फेरी, शेवटाला टेकवावा लागतो आणि घड्याळावर चालणारे व्हिडिओ नेमकं तेच होऊ देत नाहीत, 40 सेकंद झाले की टिंग करून पुढच्या व्यायामावर.

म्हणून नवीन व्हिडिओ निवडताना आधी चहा घेत डबल स्पीडवर नुसता बघून घ्या. एकच व्यायाम तीन-चार सेट परत येतो का, मध्ये मिनिट-दीड मिनिट थांबायला मिळतं का, आणि ट्रेनर स्वतः किती किलो उचलतोय ते सांगतो का एवढंच बघायचं. असा एक वरच्या अंगाचा आणि एक पायांचा व्हिडिओ सापडला की दीड महिना तेच दोन. कंटाळा येईल, येऊ द्या. पण वहीत किलो आणि रेप्स लिहायचे, आणि दर आठवड्याला कुठेतरी एखादी रेप किंवा अर्धा किलो वाढतोय ना ते बघायचं. रोज नवा व्हिडिओ लावला की वाढलं का घटलं हे कळायला मार्गच राहत नाही. (मी तर बडबड म्यूट करून आपली गाणी लावते.)

वजन कमी पडेलच. प्लेट्स किलोच्या भावाने मिळतात, जुन्या बाजारातही कधी कधी लोखंड चांगलं सापडतं, नाहीतर ट्रेकच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून ती पाठीला लावून पुशअप्स काढा. पायांसाठी मागचा पाय दिवाणावर ठेवून एका पायावर बैठका, खाली जाताना मनात चार आकडे मोजत, 7.5 चीच जोडी हातात, आणि मग सांगा हलकं वाटतं का. केटलबेल डोक्यावर नेणार असाल तर आधी वर बघा, माझी एक ट्यूबलाइट त्यात गेलीये.

काकांचं म्हणाल तर ते बरोबरच आहेत. स्लॅबवर उड्यांचा आवाज खाली दुप्पट जातो आणि योगा मॅटने तो अडत नाही. उड्या बंद, त्याऐवजी केटलबेल स्विंग, म्हणजे केटलबेल दोन्ही हातांनी पायांमधून पुढे झुलवायचं, दम तेवढाच लागतो. आणि जिना चढायचा असेल तर तुमच्यापासून पर्वती लांब नाही, 103 पायऱ्या, चार-पाच फेऱ्या जोरात.

गुडघ्याचं मला वाटतं गड उतरण्याशी आहे. पायथ्याच्या आतकरवाडीवरून चढ साधारण 600 मीटरचा, तो चढताना दम लागतो पण मांडीची खरी वाट उतरताना लागते, कारण स्नायू लांब होत होत वजन पेलत असतो. त्यावर सोमवारी तुम्ही उड्यांचा व्हिडिओ लावता! सोमवार हातांचा करा, पायांचा बुधवारी. उतरताना पावलं छोटी, आणि पिठलं-भाकरी दही खाऊन झाल्यावर लगेच धावत सुटू नका. सूज आली, गुडघा अडकतोय असं वाटलं किंवा दोन-तीन आठवड्यांत फरकच पडला नाही तर ऑर्थोपेडिकला दाखवा, तिथे यूट्यूब नको.

प्रश्न : मी 29, हिंजवडीला आयटीत. आठवड्यातून सहा दिवस तासभर हिट (HIIT, थोडा वेळ जोरात, थोडी विश्रांती, परत जोरात) वर्कआउट करतो. हल्ली झोप नीट लागत नाही आणि सकाळी घड्याळात नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त दिसते. स्टॅमिना कमी पडतोय का? — एक वाचक

उत्तर : स्टॅमिना नाही रे, विश्रांती कमी पडतीये. हिट आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, आणि तेही वीस-पंचवीस मिनिटं, बाकीचे दिवस टेकडीवर नुसतं गप्पा मारता येतील अशा वेगाने चाल किंवा वजनं उचल. हा आठवडा तर पूर्ण हलका घे. नाडी दहा दिवसांत खाली आली नाही, किंवा छातीत धडधड, चक्कर असलं काही असेल तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर. आणि रात्री साडेदहाला ऑफिसमधून येऊन व्हिडिओ लावत असशील तर झोपेचं उत्तर तिथेच आहे, लिहिलं नाहीस वेळ कुठली ते.