झेब्रा क्रॉसिंगवर धडक बसली, तरी ‘निम्मी चूक तुमची’?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई 68 वर्षांच्या. झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडताना त्या जवळजवळ पलीकडे पोचल्या होत्या, तेवढ्यात वाहनांना हिरवा सिग्नल मिळाला. आधीच्या दोन लेनमधल्या गाड्या त्यांच्यासाठी थांबून राहिल्या, शेवटच्या लेनमधून आलेल्या गाडीने धडक दिली. आता गाडीवाल्याची विमा कंपनी म्हणते की आई लाल दिव्यावर चालत होत्या आणि कपडेही गडद होते, म्हणून निम्मी चूक त्यांची आणि भरपाईही निम्मीच. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘क्रॉसिंगवर असूनही चूक आमची कशी?’

सगळ्यात आधी, निम्म्या भरपाईच्या तडजोडीचा कागद कंपनीने पुढे केला तर त्यावर सही करू नका. अपघाताच्या दाव्यांमध्ये मी बरीच वर्षं काम केलं, त्यातली सुरुवातीची विमा कंपनीच्याच बाजूने. ‘निम्मी-निम्मी’ कुठून येतं ते त्या टेबलावर बसून पाहिलंय. बऱ्याचदा फाइल नीट उघडायच्या आधीच तो आकडा पत्रात गेलेला असतो. तो बोलणी सुरू करण्यापुरता असतो, घरचे लोक मात्र तो निकाल समजून खचतात.

तुम्ही देश लिहिलेला नाही, म्हणून आधी जे जवळपास सगळीकडे सारखं आहे ते सांगतो.

झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला अग्रक्रम असतो, पण पट्ट्यांवर पाय ठेवला म्हणून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. रस्ते वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात दोन्ही बाजू आहेत. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या क्रॉसिंगकडे येताना चालकाने वेग इतका कमी ठेवायचा की ओलांडणाऱ्याला किंवा ओलांडायला निघालेल्याला धोका होणार नाही, आणि गरज पडली तर थांबायचं. पादचाऱ्याने येणाऱ्या गाडीचं अंतर आणि वेग पाहिल्याशिवाय रस्त्यावर उतरायचं नाही. सिग्नल असेल तिथे दोघांनीही दिवे पाळायचे. पण हिरवा दिवा म्हणजे समोर माणूस असतानाही पुढे जायचा परवाना, असं वाहतुकीचा कायदा सहसा मानत नाही. जो आधीच रस्त्याच्या मध्यात आहे त्याला पलीकडे पोचू द्यावं लागतं.

आता तुमच्या प्रकरणातला कळीचा मुद्दा. आई नेमक्या कुठल्या क्षणी रस्त्यावर उतरल्या? धडक बसली तेव्हा पादचाऱ्यांचा दिवा लाल होता हे खरं असेलही, पण त्यावरून त्या लाल दिव्यावर निघाल्या असं सिद्ध होत नाही. हे गणित करून बघा. पादचारी सिग्नलची वेळ ठरवताना बऱ्याच ठिकाणी चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरत आले आहेत. अमेरिकेच्या 2009 च्या नियमावलीत तो सुमारे 1.07 मीटरवर आणला गेला, कारण वयस्कर माणसं तेवढ्या वेगाने चालत नाहीत. 14 मीटर रुंद रस्ता 1.2 च्या वेगाने साधारण 12 सेकंदांत पार होतो. गुडघेदुखीमुळे 0.8 च्या वेगाने चालणाऱ्या बाईंना साडेसतरा सेकंद लागतात. मधले साडेपाच सेकंद त्या रस्त्यावरच असतात आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो.

आता हेच उलट मोजा. समजा धडक कडेपासून 11 मीटरवर बसली. 0.8 च्या वेगाने तिथे पोचायला जवळपास 14 सेकंद लागतात. म्हणजे धडकेच्या 14 सेकंद आधी कुठला दिवा होता ते शोधायचं. त्यासाठी सिग्नलच्या वेळांचा तक्ता लागतो. तो रस्त्याचं नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेकडे असतो आणि लेखी मागावा लागतो. आईंचा नेहमीचा चालण्याचा वेग फिजिओथेरपिस्टच्या जुन्या नोंदींत किंवा घरच्या एखाद्या व्हिडिओतही सापडू शकतो. हा एक हिशेब नीट मांडला की ‘लाल दिव्यावर निघाल्या’ हे वाक्य टिकेल की गळेल ते कळेल. उत्तर तुमच्या विरुद्धही येऊ शकतं, पण मग निदान तडजोड डोळे उघडे ठेवून होईल.

दुसरा मुद्दा चालकाचा, आणि मला तो तुमच्या बाजूने फार भक्कम वाटतो. हिरवा दिवा लागूनही शेजारच्या दोन लेनमधल्या गाड्या हलल्या नाहीत. क्रॉसिंगच्या तोंडाशी गाडी उभी दिसली की तिच्या पलीकडे कोणीतरी चालतंय असंच समजायचं असतं. अशा गाडीला मागे टाकायचं झालं तर तिथल्या तिथे थांबता येईल इतक्याच वेगाने, हेही त्याच करारात आहे, आणि जर्मनीसारख्या देशात झेब्रा क्रॉसिंगवर ओव्हरटेक करायलाच बंदी आहे. तुमच्या जागी मी त्या दोन चालकांपैकी एकाचा तरी जबाब आजच मिळवायची धडपड केली असती. ‘मी का थांबलो होतो’ एवढं त्याने सांगितलं तरी पुरे.

वेगाचं गणितही मांडा. ताशी 50 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सेकंदभर गेला, तर ते 14 मीटर गेलेच. ताशी 30 ने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण 13 मीटरमध्ये पूर्ण थांबलेली असते. म्हणजे कमी वेगाचा चालक जिथे उभा असतो, तिथे जास्त वेगाच्या चालकाचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ‘बाई अचानक समोर आल्या’ असं चालक म्हणतो तेव्हा हा हिशेब पुढे ठेवायचा. 11 मीटर चालून आलेली व्यक्ती अचानक येत नसते.

गडद कपड्यांवर वेळ घालवू नका. दिव्यांनी उजळलेल्या क्रॉसिंगवर या मुद्द्यात फारसा दम नसतो. जितकं दिसतंय तितक्या अंतरात थांबता येईल असा वेग ठेवणं चालकाचं काम आहे. मात्र तिथला खांबावरचा दिवा बंद होता का ते बघा. पट्टे पुसट किंवा दिवा बंद असेल, तर रस्त्याची देखभाल करणाऱ्यांची जबाबदारीही तपासावी लागते, पण ती सिद्ध करणं अवघड असतं.

आता देशाचा प्रश्न, कारण अंशदायी हयगयीचा, म्हणजे जखमीच्याही थोड्या चुकीचा, परिणाम ठिकाणागणिक फार वेगळा होतो. फ्रान्समध्ये 1985 च्या कायद्याने पादचाऱ्याच्या शारीरिक इजेची भरपाई त्याच्या साध्या चुकीसाठी कापता येत नाही. चूक अक्षम्य आणि अपघाताचं एकमेव कारण असावी लागते. 16 पेक्षा लहान आणि 70 पेक्षा मोठ्या व्यक्तींना याहूनही जास्त संरक्षण आहे. नेदरलँड्समध्ये चालकाला अपघात पूर्णपणे अटळ होता हे दाखवता आलं नाही, तर 14 वर्षांखालच्या मुलाला पूर्ण आणि मोठ्यांना सहसा किमान निम्मी भरपाई मिळते. ब्रिटनमध्ये 1945 पासून चुकीच्या प्रमाणात कपात होते. तिथे एका 13 वर्षांच्या मुलीने शाळेच्या मिनीबसमागून रस्त्यावर पाऊल टाकलं, जागा क्रॉसिंगचीही नव्हती. पहिल्या न्यायालयाने तिचा वाटा 90 टक्के धरला, अपिलात तो 70 झाला आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 50 वर आणला. घटना तीच, तरी तीन पायऱ्यांवर तीन आकडे. विमा कंपनीच्या पहिल्या आकड्याला किती किंमत द्यायची ते यावरून ठरवा.

अमेरिकेत राज्य विचारल्याशिवाय काहीच बोलू नये. कॅलिफोर्नियात तुमच्या चुकीच्या टक्क्यांएवढीच कपात होते. मेरिलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामामध्ये मात्र जखमीची थोडी चूक सिद्ध झाली तरी सगळा दावा बुडू शकतो. तिथे ‘थोडं आमचंही चुकलं असेल’ हे सौजन्याचं वाक्यसुद्धा महागात पडतं. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 खाली दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. गुन्ह्याच्या खटल्यासारखा निःसंशय पुरावा तिथे लागत नाही, कोणाची बाजू अधिक संभाव्य ते पाहिलं जातं. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी भरपाईचा दावा संपत नाही. दिवाणी आणि फौजदारी या वाटा इतर देशांतही वेगळ्या असतात. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही म्हणून लोक भरपाई सोडून देतात, तसं करू नका.

आणि एक. जखमीची चूक होती असं जो म्हणतो, त्यानेच ती सिद्ध करायची असते. म्हणून कंपनीला लेखी विचारा की लाल दिव्याचा त्यांचा पुरावा कुठला. चालकाच्या जबाबाशिवाय काही निघत नसेल, तर तेही त्यांच्याकडून लेखी घ्या.

सगळ्यात घाई मात्र कॅमेऱ्यांची आहे. आसपासच्या दुकानांच्या, इमारतींच्या आणि बसच्या कॅमेऱ्यांवरचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जाऊन त्यावर नवं येतं. माझ्याकडच्या एका प्रकरणात रुग्णालयाची धावपळ आधी संपू दे म्हणून आम्ही थांबलो. पत्र पाठवलं तेव्हा चित्रण चार दिवसांपूर्वीच गेलं होतं, आणि त्यातल्या जखमी मुलाला पुढे जे मिळालं ते त्याच्या हक्काच्या मानाने फार थोडं होतं. ती चुटपुट अजून आहे. चित्रण जपून ठेवा, असं पत्र उद्या सकाळीच द्या आणि पोच घ्या. गाडीतल्या संगणकात धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंद असू शकते. गाडी दुरुस्तीला किंवा भंगारात जाण्याआधी तीही जपायला सांगा.

तडजोडीची रक्कम डॉक्टर ‘आता यापुढे सुधारणा नाही’ म्हणेपर्यंत ठरवू नका. खुब्याचं हाड किंवा डोक्याचा मार असेल तर खरा खर्च वर्षभराने दिसतो, आणि अंतिम तडजोडीवर सही झाली की दार सहसा बंद होतं. मात्र दावा दाखल करायची मुदत सगळीकडे असते आणि ती बोलण्यांसाठी थांबत नाही. ती तारीख स्थानिक वकिलाकडून या आठवड्यातच विचारून घ्या.

देश, रस्त्याची रुंदी आणि धडक कडेपासून किती अंतरावर बसली, एवढं इथे लिहा. सेकंदांचा हिशेब आपण मिळून करू.