नजर बाकीवर ठेवा

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. १/१७ दशांश रूपात लिहायचं होतं. कॅल्क्युलेटरवर ०.०५८८२३५ आलं. तिनं 'अनावर्ती' असं लिहिलं, ते चूक दिलं. पण अंक पुन्हा येताना दिसत नाहीत, मग आवर्ती कसं?

उत्तर : साध्या कॅल्क्युलेटरवर आठच अंक मावतात आणि इथे फेरी (पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) आहे सोळा अंकांची. हा भागाकार वहीतच करायला हवा. १० मध्ये १७ जात नाहीत, म्हणून भागाकारात ० (हे शून्य मुलं हमखास गाळतात), बाकी १०. मग १०० मध्ये ५ वेळा, बाकी १५. १५० मध्ये ८ वेळा, सतरा आठे एकशे छत्तीस, बाकी १४. १४० मध्येही ८ च वेळा, पण बाकी ४.

खरी गफलत इथेच होते. लागोपाठ दोन ८ दिसले की काही मुलं ८ वर रेघ (आवर्ती अंकांची खूण) मारून मोकळी होतात. अंक तोच आला तरी बाकी वेगळी आहे, म्हणजे पुढचे अंकही वेगळे येणार. आधी आलेली बाकी पुन्हा आली, तरच फेरी पुरी झाली. म्हणून प्रत्येक बाकी समासात लिहून ठेवायला सांगा. १७ ने भागल्यावर बाकी १ ते १६ मधलीच उरणार (० उरली तर भागाकार तिथेच संपला), त्यामुळे जुनी बाकी कधी ना कधी परत येतेच. इथे सोळाव्या पायरीला १ उरतो आणि आपण पुन्हा सुरुवातीला येतो : ०.०५८८२३५२९४११७६४७, सोळाही अंकांवर रेघ. फेरी दर वेळी इतकी लांब नसते. १/१३ ची ०७६९२३ अशी सहाच अंकांची आहे.

प्रश्न : भागाकार न करता खंडित (म्हणजे कुठेतरी संपणारं) दशांश रूप ओळखता येतं का?

उत्तर : येतं. आधी अतिसंक्षिप्त रूप द्या, मग छेदाचे मूळ अवयव पाडा. २ आणि ५ सोडून दुसरा अवयव नसेल तर खंडित, कारण असा छेद १०, १००, १००० असा करता येतो. ७/४० ला वर-खाली २५ ने गुणा : १७५/१०००, म्हणजे ०.१७५. संक्षेप विसरला की ९/१२ फसवतो. १२ मध्ये ३ दिसतो म्हणून मुलं आवर्ती लिहितात. प्रत्यक्षात तो ३/४, म्हणजे ०.७५.

प्रश्न : २२/७ आवर्ती, मग पाय अनावर्ती कसा?

उत्तर : २२/७ ही पायची फक्त जवळची किंमत. २२/७ म्हणजे ३.१४२८५७..., पाय म्हणजे ३.१४१५९२...; तिसऱ्या दशांश स्थळालाच दोघांची फारकत होते. पाय अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येत नाही आणि म्हणूनच अनावर्ती, हे गणितज्ञ लॅम्बर्ट यांनी १७६१ मध्ये सिद्ध केलं. वहीत दोघांमध्ये '=' न लिहिता '≈' लिहायची सवय लावा.